आरोपीच्या संचातलं एक पान

चहा येईपर्यंत हे सांगूनच टाकतो. कधी ना कधी तुम्ही दुसऱ्याकडून ऐकालच, आणि महाडात ही गोष्ट सांगणारा प्रत्येक जण त्यात स्वतःच्या पदरचं घालतो. मी जेवढा गाढवपणा केला तेवढाच सांगतो. वाढवायची गरजच नाही, आहे तोच भरपूर आहे.

माझं दुकान कोर्टाच्या फाटकासमोर. झेरॉक्स, लॅमिनेशन, फायली, कोर्ट-फीची तिकिटं. दिवसभर काळे कोट, खाकी कपडे आणि तारखेला आलेली माणसं. अशा जागी धंदा करणारा माणूस धीट असेल असं तुम्हाला वाटेल. छे. मी मुळातला भित्रा. समोरून कुत्रं आलं तर मी रस्ता बदलतो, मग ते साखळीला का बांधलेलं असेना. बायको सांगत असते की आमच्या लग्नात फटाके वाजले तेव्हा मी तिच्या मागे लपलो होतो. ते साफ खोटं आहे. मी बाजूला उभा होतो.

आता बाबूदादा. शिवथरच्या खोऱ्यात वर डोंगरावर एक धनगरवाडी आहे, तिथला हा शेळ्या-म्हशीवाला. उंच, रुंद, वयाने माझ्यापेक्षा बराच मोठा. कमरेला आकडी आणि आकडीत कोयता. आपल्याकडे डोंगरावरच्या माणसाच्या कमरेला कोयता असायचाच, त्यात विशेष काही नाही, आपण पेन बाळगतो तसा तो कोयता बाळगतो. हे मलाही कळतं. पण पेनाची मला भीती वाटत नाही. आणि आवाज म्हणाल तर, हा माणूस नुसतं "राम राम" म्हणाला तरी फाटकावरचा शिपाई मान वळवून बघतो.

एका संध्याकाळी दिवेलागणीला तो दुकानात आला. शेळ्यांच्या विम्यासाठी आधार कार्डाची प्रत हवी होती. माझ्या मशीनची शाई संपत आलेली, प्रत निघाली फिकट. बाबूदादाने कागद दिव्याखाली धरला, उलटा केला, परत सुलटा केला.

"ह्यात मी कुठं हाय?"

मी म्हणालो, हे काय, दिसतंय की.

"ह्यो मी? ह्ये तर धुकं हाय."

हे तो असल्या आवाजात म्हणाला की मी दोन पावलं मागे सरकलो. आणि माझी एक वाईट खोड आहे, मी घाबरलो की ओरडतो. तो बोलतोय, मी ओरडतोय. मी ओरडतोय म्हणून तो आणखी मोठ्याने बोलतोय. शेवटी मी शटर अर्ध्यावर ओढलं तेव्हा तो धुक्याचा कागद घडी करून निघून गेला. एवढंच झालं. पण त्या रात्री घरी जेवताना मी हे असं सांगितलं की बायकोने मला कुठे लागलंय का ते बघितलं.

दोन-तीन दिवसांनी बाजारात बातमी आली. त्या धनगरवाडीच्या खालच्या अंगाला मुंबईच्या कोणा साहेबांचं फार्महाऊस आहे. तिथल्या वॉचमनला कोणीतरी मागून काठीने मारलं, हात मोडला. वॉचमनने नाव घेतलं बाबूदादाचं, कारण बाबूदादाच्या शेळ्या मागे कधीतरी त्या बागेत शिरल्या होत्या आणि तेव्हा दोघांची जोरदार बोलाचाली झाली होती. पोलिसांनी बाबूदादाला उचललं, मग जामीन झाला. मी चहावाल्याला म्हणालो, मला आधीच माहीत होतं. कधी घडलं, कसं घडलं, हे विचारायची मला गरजसुद्धा वाटली नाही.

त्याच सुमारास जाधव हवालदार दुकानात आले. हे माझं रोजचं गिऱ्हाईक. त्यांनी सहज विचारलं, तो बाबू कसा आहे हो स्वभावाने? झालं. मी सुरू. तापट आहे, भांडखोर आहे, नुकताच माझ्या अंगावर धावून आला, मी शटर ओढलं म्हणून वाचलो. हवालदार तारीख-वेळेसकट लिहून घेत होते. लिहून घेणारा माणूस समोर असला की आपल्याला किती आठवतं, अनुभव आहे का तुम्हाला? मला अगदी कोयत्याची धारसुद्धा आठवली.

लिहून झाल्यावर मी सहीसाठी पेन काढलं, तर ते म्हणाले की ह्यावर सही लागत नाही. पोलिसांनी घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते, तसा कायदाच आहे. मी काय अर्थ लावला सांगू? सही नाही, म्हणजे हे आपल्या दोघांतलं. कोर्टासमोर इतकी वर्षं बसलेला माणूस मी, आणि मला वाटलं की सही नसलेला कागद हवेत विरून जातो.

काही महिने गेले. मी विसरलो. मग एका सकाळी जाधव हवालदार जाडजूड गठ्ठा घेऊन आले. पोलीस ठाण्यातलं मशीन बिघडलेलं, चार्जशीट दाखल करायचं होतं, संच काढून हवे होते. मी पानं लावायला लागलो आणि मध्येच माझ्या हातात माझंच नाव आलं. साक्षीदार म्हणून, पूर्ण नाव, वय, धंदा झेरॉक्स दुकान. खाली पहिली ओळ होती, सदर आरोपी हा स्वभावाने तापट व भांडखोर असून.

पुढचं मी वाचलं नाही. डोळ्यांपुढे कोयताच आला. तरी मी सहज विचारल्यासारखं विचारलं की हे संच कोणाकोणाला जाणार.

"एक कोर्टाला, एक सरकारी वकिलांना, एक आरोपीला," हवालदार म्हणाले.

"आरोपीला कशाला?"

"म्हणजे? खटला उभा राहायच्या आधी सगळे कागद त्याला द्यायलाच लागतात. फुकट. आपल्याविरुद्ध कोण काय बोललंय हे त्याला कळायला नको?"

कळायला नको, असंच माझं मत होतं. पण ते मी बोललो नाही. हवालदार चहा सांगायला बाहेर वळले, आणि आरोपीच्या संचातलं माझं पान मी उचलून कागदाच्या रिमखाली सरकवलं. हो, बरोबर ऐकलंत. सरकारी कागद, कोर्टाचं काम, आणि मी पान काढलं. हे करताना मला पोलिसांची भीती वाटली नाही, न्यायाधीशांची वाटली नाही. सगळी भीती बाबूदादाने एकट्याने व्यापली होती.

तुम्हाला वाटेल काम फत्ते झालं. मलाही वाटलं. पण पानांना आकडे असतात हो. दर पानाच्या वरच्या कोपऱ्यात हवालदारांनी स्वतःच्या हाताने घातलेले, गोल करून.

बाबूदादाची वकीलबाई तरुण, पण अशी की पान नाही म्हटल्यावर शेंगदाण्याची पुडीसुद्धा उलटून बघेल. तिला मधला आकडा गायब दिसला. तिने कोर्टात अर्ज दिला की आरोपीला मिळालेली नक्कल अपुरी आहे, एक पान दिलेलं नाही, ते मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नये. कोर्टाने पोलिसांना खुलासा विचारला. ठाण्याच्या साहेबांनी तो जाधव हवालदारांना विचारला. हवालदार माझ्या दुकानात येऊन डोकं धरून बसले आणि म्हणाले की मी स्वतः गठ्ठा बांधला, पान गेलं कुठे? मी त्यांना बिस्किटं दिली.

आणि मग त्या पानाला जे महत्त्व आलं ते विचारू नका. संचात असतं तर कोणी ढुंकून बघितलं नसतं. आता कोर्टासमोरच्या चहाच्या टपरीवर दुसरा विषय नाही. कोणी म्हणे त्या पानात पुढाऱ्याचं नाव आहे. कोणी म्हणे मुंबईच्या साहेबांनी पैसे चारून ते काढवलं. एकाने तर मलाच विचारलं, तुमचा अंदाज काय? मी म्हणालो, वाऱ्याने उडालं असेल. तो म्हणाला, तुम्ही फार साधे आहात.

खरी भीती पुढेच आहे. बाबूदादा मला शोधायला लागला.

पहिल्यांदा तो फाटकातून सरळ माझ्या दुकानाच्या दिशेने येताना दिसला तेव्हा मी मशीनमागे बसलो. तो काउंटरवर हात ठेवून उभा राहिला. मला फक्त आकडी आणि कोयत्याची मूठ दिसत होती. बराच वेळ दिसत होती. दुसऱ्यांदा मी कोर्टाच्या संडासात जाऊन कडी लावली, आणि त्या जागेत माणूस स्वखुशीने किती वेळ काढू शकतो ते तुम्हीच ठरवा. तिसऱ्यांदा मी बाहेर गेलो होतो आणि दुकानात बायको होती. परत आलो तर ती म्हणाली, "ते बाबूदादा येऊन गेले. चहा घेतला. बरे आहेत की स्वभावाने."

मी विचारलं, काय म्हणाले?

"म्हणाले, त्याला सांगा, गाठल्याशिवाय सोडायचा नाय."

पान काढूनही त्याला कळलं कसं? मग वाटलं, वकीलबाईने कोर्टातून मूळ कागद बघितला असणार. म्हणजे तो वाचून आलाय. तापट व भांडखोर असून. मी बायकोला म्हटलं, चल, तुझ्या बाबांना बरेच दिवसांत भेटलो नाही. तिने माझ्याकडे संशयाने बघितलं, कारण लग्नानंतर एवढ्या वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा बोलत होतो. ते रिमखालचं पान मी घडी करून शर्टाच्या खिशात घातलं, दुकानात ठेवायचीही भीती, फाडायचीही भीती, आणि आम्ही पोलादपूरची एसटी पकडली.

सासरे खूश झाले. जावई बोलावल्याशिवाय आलाय म्हटल्यावर कोण नाही होणार? मी ओटीवर बसलो. मस्त वारा. मनात म्हटलं, इथे तो कशाला येतोय, राहावं आठ-पंधरा दिवस.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणातून आवाज आला. तोच.

उठून आत पळायला हवं होतं, पण तेवढा वेळच मिळाला नाही. बाबूदादा अंगणात उभा. कमरेला कोयता, हातात गोणपाटाची पिशवी, आणि पिशवीत काहीतरी हलत होतं. आणि सासरे काय करतात? पुढे होऊन त्याच्या पाठीवर थाप मारतात.

"ये रे बाबू. किती दिसांनी. दिनकरराव, हा आमचा तुपवाला. तुमच्या लग्नात सगळं तूप ह्याच्याकडचं."

बघा माझं नशीब. लपायला गेलो तेही त्याच्याच गिऱ्हाइकाच्या घरी. बायकोने दुकानात चहा देताना माहेरचं नाव सांगितलं होतं आणि दोघांनी ओळख काढली होती. दुकान बंद दिसल्यावर तो सरळ इकडे आला. मला सांगायचं राहून गेलं, म्हणाली.

बाबूदादाने पिशवी माझ्या पायाशी ठेवली. आतून कोंबडा ओरडला आणि त्याच्याबरोबर मीही थोडासा ओरडलो. मग बाबूदादा माझ्या शेजारीच बसला. कोयता टोचतो म्हणून आकडीतून काढून मध्ये ठेवला.

"कवापास्नं शोधतोय तुला," तो म्हणाला. "माझं एक काम हाय. त्या दिशी मी तुझ्या दुकानात आलतो, ध्यानात हाय का? कागद धुक्यागत निघाला. तू माझ्यावर वरडलास."

मी मान हलवली. मान आपोआपच हलत होती.

"त्याच टायमाला तिकडं वॉचमनला मारलान. मी तर म्हाडात हुतो, तुझ्यासमोर. माझ्या घरातल्यांशिवाय कोन मानंना. आत टाकलान तर म्हातारी एकटी, ढोरं कोन बघनार? तू तेवढं कोर्टात सांगशील का रे, की मी हुतो? भांडलो म्हनून सांग. शिव्या दिल्या म्हन. कायबी म्हन, पन हुतो म्हन. कोंबडा तुला आनलाय."

तुम्ही कधी कोणाला इतकं घाबरला आहात का, की त्या माणसाचं काय चाललंय ते विचारायचंच राहून गेलं? मी तिथे बसलो होतो आणि मला पहिल्यांदा त्याचा चेहरा दिसला. आतापर्यंत मी फक्त कोयता आणि आवाज बघितला होता. तो माणूस घाबरलेला होता. माझ्यापेक्षा जास्त, आणि माझ्यासारखं उगीच नाही. मला स्वतःची लाज वाटली.

मी म्हणालो, बाबूदादा, ते मी आधीच सांगितलंय. पोलिसांना. लिहिलेलं आहे.

"मग वकीलबाईला कसं नाय घावलं?"

मी खिशातून घडी काढली. त्याने कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"वाच," तो म्हणाला. "बारीक मला दिसत नाय."

आता परिस्थिती लक्षात घ्या. ओटीवर मी, शेजारी तो, मध्ये कोयता, दारात सासरे आणि बायको, आणि मला त्या माणसाच्या तोंडावर वाचायचंय, सदर आरोपी हा स्वभावाने तापट व भांडखोर असून. मी वाचलं. आवाज कसा निघत होता ते सांगत नाही. गावातील लोक त्यास घाबरून असतात. बाबूदादा म्हणाला, कोन लोक? मी म्हणालो, मीच. पुढे वाचलं, त्याने माझ्या अंगावर धावून येऊन कोयत्यास हात घातला. बाबूदादाने कोयत्याकडे बघितलं.

"हात कवा घातला?"

"नाही घातला. ते मी जरा वाढवून सांगितलं."

"बरं. म्होरं वाच."

आणि पुढे होतं. सदर प्रकार अमुक तारखेस सायंकाळी दिवेलागणीच्या सुमारास माझ्या महाड येथील दुकानात घडला. तारीख तीच. वेळ तीच. मी त्याची जेवढी निंदा केली होती, तेवढीच त्याच्या सुटकेची साक्ष होती, आणि ती मी स्वतःच रिमखाली सरकवली होती.

"हां," बाबूदादा म्हणाला. "ह्येच. मग ह्ये माझ्या कागदात का नव्हतं?"

"मी काढलं. तुम्हाला भिऊन."

"मला? मी काय केलं रे तुला?"

"तुम्ही ओरडता."

त्याने कोयता थोडा लांब सरकवला. मग म्हणाला, "आरं, आमी ह्या टेपाडावरनं त्या टेपाडावर बोलनारी मानसं. कानात बोलून ढोरं घरी येतात का?"

त्याच दिवशी तिघं महाडला परत आलो, मी, तो आणि कोंबडा. कोंबडा मी घेत नव्हतो, पण सासऱ्यांनी ऐकलं नाही. वकीलबाईने पान वाचलं, परत वाचलं, आणि मग मला जे झापलं ते इथे सांगण्यासारखं नाही. वर म्हणाली की मूळ कागद कोर्टात होताच, कोर्टाच्या हुकमाने दुसरी नक्कल आम्हाला मिळणारच होती, तुम्ही लपवलंत तरी काय? फक्त ह्या माणसाची झोप. हवालदारांनाही मीच जाऊन सांगितलं. ते माझ्याकडे बघत राहिले आणि त्यांना ती बिस्किटं आठवली असावीत. मग त्यांच्या साहेबांपुढे आणि कोर्टापुढे जे व्हायचं ते झालं, लेखी माफी, कानउघाडणी, परत असं काही केलं तर काय होईल याची स्पष्ट कल्पना.

खटला चालला. मला सरकारनेच साक्षीदार म्हणून बोलावलं होतं, आरोपी तापट आहे हे सांगायला. मी सांगितलं. मग वकीलबाई उठली आणि तिने एवढंच विचारलं की हा तापटपणा कुठे आणि कधी झाला. मी सांगितलं. वॉचमननेही कबूल केलं की मारणारा पाठीमागून आला, अंधारून आलं होतं, तोंड दिसलं नव्हतं. बाबूदादा सुटला. कोर्टाबाहेर त्याने मला मिठी मारली. माझा श्वास अडकला, पण मी ओरडलो नाही.

आता माझी गत ऐका. बाबूदादाने गोष्ट कोणापासून लपवली नाही. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, दिनूने मला वाचवलं असंच तो सगळ्यांना सांगत फिरला. पण त्याच्या आवाजात सांगितलेली गोष्ट खोऱ्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते, आणि वाचवलं म्हटलं की कसं वाचवलं हे सांगावंच लागतं.

तेव्हापासून माझ्या दुकानात झेरॉक्स काढायला आलेला माणूस, मग तो वकील असो, पोलीस असो की दाखल्याची प्रत हवी असलेली कॉलेजातली मुलगी, कागद हातात घेतो आणि तिथेच काउंटरवर माझ्या तोंडासमोर पानं मोजतो. मोजून झाली की हसून विचारतो, "शेठ, तुमच्याबद्दलचं काही नव्हतं ना ह्यात?"